फळ्या कुणी काढल्या

पंधरा ऑगस्ट. शाळेचं पटांगण. मी नामदेवच्या पाठीवर.

दोन्ही हात त्याच्या गळ्यात. डावा पाय त्याच्या कमरेला आवळलेला. उजवा, पोलिओनं गेलेला, नुसता लोंबत सोडलेला. समोर टेबल, टेबलामागं हेडमास्तर आणि सरपंच, टेबलावर नवी कोरी कंपासपेटी. ती पेटी नामदेवला मिळणार होती. कशाबद्दल? तर मला रोज पाठीवर घालून शाळेत आणतो, याबद्दल.

नामदेव मला खाली ठेवायला वाकला. हेडमास्तर म्हणाले, "उतरवू नको रे त्याला. राहू दे पाठीवर. लोकांना दिसू दे."

मी राहिलो. लोकांना दिसलो. नामदेवचं तोंड टेबलाकडं, म्हणजे माझी पाठ सगळ्या गावाकडं, आणि माझ्या चड्डीला मागून रुपयाएवढं भोक. मागून कुणीतरी ओरडलं, "खिडकी उघडी हाय बे लंगड्याची!" गाव हसलं. सरपंचांनी पेटी पुढं केली, पण नामदेवचे दोन्ही हात माझ्या मांड्यांखाली गुंतलेले. मग सरपंच मला म्हणाले, "धर रे त्याची पेटी." मी धरली. माझं नावही कुणी घेतलं नाही. बक्षीस त्याचं. आणि ते ज्याच्यामुळं मिळालं ते ओझं मी. ओझ्यानंच बक्षीस घरापर्यंत वाहून नेलं.

टाळ्या पडल्या तेव्हा मीपण हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या हसण्यातून निघालं.

आता आमच्यातला खरा व्यवहार सांगतो. नामदेव मला शाळेत न्यायचा आणि मी त्याची गणितं सोडवायचो. पाटीवर, वहीवर आणि परीक्षेत उजव्या कोपराच्या फटीतून. चौथीपर्यंत तो माझ्या डोक्यानं पास झाला, मी त्याच्या पायानं. बरोबरीचा सौदा. पण त्यातला निम्मा भाग टेबलावर मांडण्यासारखा होता आणि निम्मा लपवण्यासारखा. मांडला गेला तो त्याचा.

नांदूरघाटापासून दोन कोसांवरच्या आमच्या त्या गावाची ही गोष्ट मी घरी हजारदा सांगितली असेल. जेवायला बसलं की पोरं मागायची, "बाबा, खिडकीची गोष्ट." मी नकला करून सांगायचो. हेडमास्तरांचा घसा, सरपंचांची टोपी, माझं भोक. सगळे पोट धरून हसायचे. मग मुलगी दहावीला गेली तेव्हा एके दिवशी हसलीच नाही. म्हणाली, "बाबा, याच्यात हसायसारखं काय हाय?"

"भोक," मी म्हटलं.

"भोक राहू द्या. पेटी तुमच्या हातात कावून दिली? तुमची नव्हती तर?"

मी घास गिळला. पोरीला गणितात माझंच डोकं आलं होतं.

तर मोठा झालो. अपंगांच्या राखीव जागेवर माजलगावच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्यात लागलो. गोडाऊनचा क्लार्क. पोती मोजायची, थप्प्यांना नंबर टाकायचे. मी लागल्यावर वर्षभरानं नामदेवही तिथंच आला. आधी चेअरमनसाहेबांचा ड्रायव्हर, मग त्यांचा उजवा हात, मग त्यांचे डोळे, कान, सगळंच. गाडीतून जाताना मी दिसलो की काच खाली करून ओरडायचा, "काय लंगड्या, पोती झाली का मोजून?" दुसऱ्या कुणी लंगड्या म्हटलेलं मी खपवून घेतलं नसतं. त्याचं गोड वाटायचं. त्याच्या पाठीचा वास मला पाठ होता.

एकदा पुण्याला पायाचा कॅलिपर बदलून घ्यायला गेलतो. तिथं आतल्या हॉलात दहा-बारा माणसं जमिनीवर बसून व्हॉलीबॉल खेळत होती. कुणाला एक पाय, कुणाला दोन्ही नाहीत. नेट छातीएवढं खाली. हातानं सरकायचं, हातानंच मारायचं. मी कॅलिपर विसरून दाराशी बसलो. नियम विचारला तर शिकवणारे म्हणाले, बॉल मारताना बूड जमिनीला टेकलेलं पाहिजे. बूड उचललं की फाऊल.

मी परत विचारलं. खरंच? उचललं की फाऊल?

आख्ख्या जगात मला असा एक खेळ सापडला, ज्यात उठणं हा गुन्हा होता. जन्मभर ज्याच्यासाठी बोलणी खाल्ली त्याचेच इथं पॉइंट मिळत होते. मला वाटलं, हा खेळ कुणीतरी माझं बूड बघूनच काढला.

परत आलो ते एक जुनं नेट घेऊनच. संघ जमवायला वेळ लागला नाही, आमच्याकडं माल भरपूर. शेषेराव हा ऊसतोड्या. ह्याच कारखान्याच्या यार्डात उसाच्या ट्रॉलीखाली त्याचा पाय गेला होता, गुडघ्याखालून. मुनीर घाटनांदूरचा, शिंपी, दोन्ही पायांनी अधू, पण बोटं अशी की बॉल हातात आल्यावर आवाजच यायचा नाही. आणि मी. पोट सुटलेला, चाळिशीतला. सरकताना माझ्याआधी माझं पोट पोचायचं. आम्ही तिघं राज्याच्या संघात गेलो. ते दोघं गुणांवर. मी बाराव्या नंबरावर, बहुतेक पत्रव्यवहार चांगला करतो म्हणून.

मग तो दुष्काळ आला. धरणात नुसता गाळ. होता तो ऊस चाऱ्याला गेला, तोडणीच्या टोळ्या कर्नाटकात गेल्या आणि त्या वर्षी आमच्या कारखान्यात मोळीच पडली नाही, गाळप झालंच नाही. जुनी साखर ट्रक भरभरून गेली आणि गोडाऊन रिकामं झालं. रिकाम्या गोडाऊनचा क्लार्क काय करतो? चिमण्या मोजतो.

मोजता मोजता एक दिवस फरशीकडं बघितलं. सिमेंटची, एकसारखी, गुळगुळीत, वर पत्र्याचं छप्पर, आत चार कोर्टं बसतील एवढी जागा. बसून खेळणाऱ्याला अशी फरशी म्हणजे राजवाडा. आणि राष्ट्रीय संघटनेला त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेसाठी जागा मिळत नव्हती, हे मला पत्रव्यवहारामुळं माहीत होतं. मी अर्ज लिहिला. मग नामदेवकडं गेलो.

नामदेवनं चेअरमनच्या कानावर घातलं. चेअरमन आधी हसले, म्हणे. "नॅशनल? आपल्या गोडाऊनात? अपंगांची?" मग हसायचे थांबले. संचालक मंडळाची निवडणूक तोंडावर होती, कारखाना बंद, सभासद चिडलेले. काहीतरी करून दाखवायचं होतंच. त्याच सुमारास सरकारनं आमचं नाव बदललं होतं. अपंगाचे आम्ही दिव्यांग झालो. पाय तसाच.

मला एवढीच भीती होती की खेळ बाजूला राहील आणि मेळावा होईल. आपल्याकडं दोन लंगडी माणसं एकत्र दिसली की कुणीतरी तीनचाकी सायकल घेऊन येतो. मी नामदेवला स्पष्ट बोललो, "हार घाला, भाषणं करा, काय करायचं ते आधी करा न्हाईतर नंतर करा. पर मॅचच्या मधी न्हाई. बारा राज्यांची माणसं येणार हायत. ती खेळायला येणार हायत."

नामदेवनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आईच्यान सांगतो. फायनल संपल्याबिगर कोर्टावर कुणाचा पाय पडू देणार न्हाई."

मी विश्वास ठेवला. माणूस ज्याच्या पाठीवर शिकला त्याच्यावर नाही ठेवणार तर कुणावर?

तीन महिने मी वेड्यासारखं काम केलं. सगळ्यात मोठी अडचण निघाली मुंग्यांची. वर्षानुवर्षं साखर सांडलेली फरशी ती. वरून गुळगुळीत, पण हात टेकला की चिकट आणि संध्याकाळी मुंग्यांच्या रांगा. बसून खेळणाऱ्याच्या अंगाचा कोणता भाग फरशीला लागतो हे सांगायला नको. फरशी धुवायला पाहिजे होती आणि पाणी नव्हतं. वसाहतीला चार दिवसाआड टँकर. त्या टँकरचं पाणी फरशीवर ओतायचं म्हणजे लोकांनी मला तिथंच पुरलं असतं, आणि ते बरोबरच झालं असतं.

बायकोला बोललो. ती म्हणाली, "अवो, प्यायचं पाणी मागू नका. आंघोळीचं ठेवते मोरीत धरून. साबणाचं आयतंच हाय. तुमच्या बुडाला काय कळतंय कुणी आंघोळ केली ते?"

तिनं पहिली बादली दिली. मग शेजारणीनं दिली. मग वसाहतीतल्या बायका रोज सकाळी आंघोळीचं, धुण्याचं पाणी बादलीत धरून गोडाऊनच्या दारात आणून ठेवायला लागल्या. हमालांनी बारदानानं फरशी घासली. तीन आठवडे. शेवटी मी बनियन काढून पाठीवर लोळून बघितलं. एक मुंगी चावली नाही. शेषेराव म्हणाला, "उठा आता, गाढवागत लोळूलाले." मी म्हटलं, उठणं फाऊल हाय.

दुसरं काम स्टेजचं. उसाच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावून वर गालिचा टाकला होता. आमच्याकडं स्टेज असंच होतं. उंची छातीएवढी. मी हमालांच्या मुकादमाला म्हटलं, मला फळ्या पाहिजेत. पोती पाठीवर घेऊन हमाल ट्रकात चढतात त्या लांब, जाड फळ्या. चार फळ्या शेजारी जोडल्या, आडव्या पट्ट्या ठोकल्या, चढ कमी केला. हरियाणाचा कॅप्टन, फौजेत सुरुंगात दोन्ही पाय गेलेला माणूस, चाकांच्या खुर्चीत बसून स्वतःच्या हातानं त्या फळ्यांवरून वर गेला, वर गोल फिरला आणि सुसाट खाली आला. "एकदम बढ़िया, भाई," म्हणाला.

त्या फळ्यांचा मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढं स्वतःच्या घराचाही वाटला नाही. ज्याला वर जायचंय तो वर जाईल, ज्याला यायचंय तो खाली येईल. कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम नाही.

तीन दिवस स्पर्धा झाली. चांगली झाली. खरंच. आणि फायनलला आमच्यासमोर हरियाणा.

शेवटचा दिवस. सकाळी अकराची वेळ. पत्रा तापलेला, गोडाऊन माणसांनी भरलेलं. बायको, मुलगी पुढच्या रांगेत बारदानावर बसलेल्या. मुलीनं मला कधी खेळताना बघितलं नव्हतं. तिच्या वर्गात तिचा बाप म्हणजे साखर मोजणारा लंगडा. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "बाबा, तुमाला आत घेत्याल का?" मी म्हटलं, "बाराव्या नंबरवाल्याला देव घेतो आत." मला दुसरं काही नको होतं. एकदा तिच्यासमोर, आपल्या माणसांसमोर, एक सर्व्हिस. तेवढीच माझी हाव.

दोन सेट आमचे, एक त्यांचा. चौथ्या सेटला आमचा एकजण खांदा धरून बाहेर आला. कोचनं बाकावर बघितलं. बाकीचे बदली खेळाडू वापरून झाले होते, मीच उरलो होतो.

आत सरकलो. लोक हसले, माझं पोट बघून. पहिला बॉल माझ्या कपाळावर आला. परत हसले. दुसरा मी उचलला. मुनीरनं त्याला नुसती बोटं लावली आणि शेषेरावनं नेटवरून असा हाणला की हरियाणाच्या कॅप्टननं स्वतःच टाळी वाजवली. लोक हसायचे थांबले. मग ओरडायला लागले. एकोणीस-सतरा. आम्ही पुढं. सर्व्हिस माझी.

मी मागच्या रेषेपाशी सरकलो. बॉल मांडीवर घेतला. मुलीकडं बघितलं. ती उभी राहिली होती.

रेफरीची शिट्टी तोंडात होती, तेवढ्यात माइक बोलला.

"मंत्रीमहोदयांचं आगमन झालेलं आहे. सामना इथंच थांबवण्यात येत आहे. साहित्य वाटपाच्या कार्यक्रमासाठी सर्व दिव्यांग बंधूंनी स्टेजजवळ यावं."

मला वाटलं, चुकून बोलले. मागं वळून बघितलं. स्टेजवरचा आमच्या स्पर्धेचा फलक उतरवला होता. त्याजागी दुसरा. दिव्यांग मेळावा व साहित्य वाटप. वर चेअरमनचा फोटो, हात जोडलेला. दारातून नव्या तीनचाकी सायकली आत ढकलत होते. आजूबाजूच्या गावांतून पहाटेच जीप भरून आणलेली अपंग माणसं दाराबाहेर भिंतीशी उन्हात बसवलेली होती. आणि सात-आठजण खुर्च्या घेऊन थेट आमच्या कोर्टावर चालत आले. चपला, बूट घालून. वसाहतीतल्या बायकांनी धरून ठेवलेल्या पाण्यानं धुतलेल्या फरशीवर.

त्यांच्यापुढं नामदेव. पांढरे कपडे, छातीला बिल्ला.

"नाम्या, हे काय हाय?"

"अर्ध्या तासाचं काम हाय. मंत्र्याला पुढं जायचंय. चल."

"एकोणीस-सतरा झालंय. पंचवीसला सा पॉइंट राहिलेत."

"लंगड्या, सा पॉइंटानं काय होतंय बे? चल, टाइम न्हाई."

असं म्हणून तो माझ्यासमोर वळला आणि गुडघे मोडून वाकला. पाठ माझ्याकडं केली. दोन्ही हात मागं, तळवे वर. जसा चौथीपर्यंत वाकायचा.

"बस," तो म्हणाला. "लहानपणी न्यायचो तसंच नेतो. पेपरवाले थांबलेत."

तेवढ्यात माइकवर सुरू झालं. दोन मित्रांची गोष्ट. एकाच्या पाठीवर बसून दुसरा शाळा शिकला. ती गोष्ट आज आपण डोळ्यांनी बघणार आहोत. लिहून आणलेलं भाषण होतं ते. आदल्या दिवशी कधीतरी बसून लिहिलेलं. म्हणजे सगळं ठरलेलं होतं. मी तीन महिने या फरशीसाठी राबत होतो तेव्हाही ठरलेलंच असेल.

मी त्याच्या पाठीवरून पलीकडं बघितलं. स्टेज दिसलं. गालिचा, हारतुरे, माणसं. फळ्या नव्हत्या.

"फळ्या कुठं हायत?"

तो वाकलेलाच. "उशीर होतोय बे."

"फळ्या कुणी काढल्या?"

"म्या काढल्या. साहेब म्हणले, फळीवरून आपापले आले तर कळणार काय? उचलून घ्या. लोकान्ला दिसू द्या."

दिसू द्या.

तेच शब्द. पस्तीस वर्षं मधे गेली आणि वाक्य तेच. मला एकदम माझ्या चड्डीचं भोक आठवलं. या वेळी हसू आलं नाही.

"न्हाई," मी म्हटलं.

"काय न्हाई?"

"बसत न्हाई. उचलायचं न्हाई मला." मी रेफरीकडं बघितलं. "सर, शिट्टी वाजवा. सर्व्हिस माझी हाय."

रेफरीनं राष्ट्रीय संघटनेच्या सचिवांकडं बघितलं. ते स्टेजवर दुसऱ्या खुर्चीत बसले होते, फेटा बांधून. त्यांनी बोटानंच खूण केली. रेफरीनं शिट्टी खिशात घातली.

मी बॉल वर टाकला आणि हाणला. शिट्टीबिगर. आयुष्यातली सगळ्यात चांगली सर्व्हिस. खुर्च्या आणणाऱ्यांच्या डोक्यावरून, नेटवरून सरळ हरियाणाच्या कॅप्टनकडं. त्यानं बॉल मारला नाही. दोन्ही हातांत झेलला, मांडीवर ठेवला.

"बिना सीटी के गिनती नहीं होगी, भाई," तो तिकडून म्हणाला. "दोबारा करना। हम बैठे हैं।"

आणि ते बसले. आम्हीही बसलो. नेटच्या दोन्ही बाजूला, आपापल्या जागी. आमच्या अवतीभवती खुर्च्या मांडायला लागले. कुणी शेषेरावच्या बगलेत हात घातला तर तो ओरडला, "हात काढ बे! ज्या ट्रालीखाली पाय गेला तिच्यावरच बसवून माझा सत्कार करता व्हय?"

चेअरमन स्वतः स्टेजवरून खाली आले. चेहऱ्यावर हसू, कारण कॅमेरे होते. माझ्या कानाशी वाकले. आवाजात हसू नव्हतं.

"गोडाऊन तुझ्या बापाचं हाय का रे?"

मला उत्तर शोधावं लागलं नाही. "हाय, साहेब. एक शेअर हाय त्याचा."

खरंच होता. कारखाना उभा राहिला तेव्हा माझ्या बापानं घेतलेला, सहकारी संस्थेचा, सभासद म्हणून. शेअरची पावती आमच्या घरी देवाच्या फोटोमागं असायची.  चेअरमन सरळ झाले आणि नामदेवला म्हणाले, "दुसरा बघ कुणी."

नामदेव मुनीरसमोर जाऊन वाकला.

मुनीरनं माझ्याकडं बघितलं. वाटपाच्या यादीत त्याच्या नावापुढं मोटार लावलेली शिलाई मशीन होती. पायानं मशीन चालवता न येणाऱ्या शिंप्याला मोटारीची मशीन म्हणजे काय, ते मला माहीत होतं. त्यानं मान खाली घातली आणि नामदेवच्या गळ्यात हात टाकले. कोर्टावर अकराजण राहिलो.

कॅमेरे चमकले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पांढऱ्या कपड्यांतला नामदेव, त्याच्या पाठीवर मुनीर, मागं मंत्री टाळ्या वाजवताना. खाली लिहिलं होतं, मैत्रीचा आदर्श. मुनीरचं नावही चुकलेलं.

भिंतीशी बसलेल्या माणसांना एकेक करून उचललं. म्हाताऱ्यांना, बायकांना. बायकांना उचलताना पदर सरकत होते आणि वरून माइक नावं वाचत होता. त्यांच्यावर माझा राग नाही. सायकल पाहिजे होती त्यांना. ती मिळायला पाहिजेच होती. ती घरीही देता आली असती.

मंत्री गेले. खुर्च्या निघाल्या. तेव्हा रेफरीही निघून गेले होते. सचिवांनी दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर केलं आणि गाडीत बसले. हरियाणाचा कॅप्टन बॉल परत द्यायला आला.  बॉल माझ्या मांडीवर ठेवला, खांदा दाबला आणि खुर्ची फिरवून गेला.

मुलगी जवळ आली. मला वाटलं, रडेल. "बाबा," ती म्हणाली, "फळ्या मागं टाकल्यात, शेडच्या मागं. मी बघितल्या. दोन तोडल्यात."

पुढचं थोडक्यात. माझी बदली झाली. रेकॉर्ड रूमला, वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. रोज सकाळी मी बूड टेकवत, उलटा, एकेक पायरी चढतो. साहेबांना वाटलं असेल, दोन दिवसांत पाया पडायला येईल. त्यांनी हा खेळ नीट बघितला नव्हता. जिल्ह्याच्या दिव्यांग क्रीडा संघटनेवर नामदेव अध्यक्ष म्हणून बसला. दोन्ही पाय धडधाकट. मी काढलेली संघटना ती. माझं नाव सभासदांच्या यादीतूनही गेलं.

एकदा घरी आला. बायकोनं चहा ठेवला, पण कप त्याच्यापुढं जरा जोरातच आदळला. तो म्हणाला, "सगळ्यांसमोर तोंड पाडलंस बे माझं. चार वर्षं वाहिलं तुला, त्याची ही फेड?"

"नाम्या, चौथीला गणितात किती मार्क पडले होते तुला?"

त्यानं कप तोंडाला लावला.

"ते माझे होते. म्या कधी स्टेजवर जाऊन सांगितलं का?"

त्यानं चहा अर्धा ठेवला आणि गेला. तो दारातून जाताना मला त्याच्या पाठीचा तोच वास आला. लई वाईट वाटलं. अजून वाटतं. ज्याच्या पाठीवर आपण गाल टेकून झोपलो त्याच माणसानं फळ्या काढल्या, हे मला अजून नीट गिळता येत नाही. चेअरमनचा राग केव्हाच गेला. ते परके होते.

मुनीरशी मी दोन वर्षं बोललो नाही. मोठेपणा दाखवून, रागावलो नव्हतो, असं लिहिता आलं असतं. रागावलो होतो. मग एका लग्नात तो समोर आला. सरकत आला, माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला, "भाई, त्या दिवशी वर नेऊन बसवलं. फोटो झाला. मंत्री गेले, सगळे गेले. उतरवायला कुणी आलंच न्हाई. दीड तास बसलो वर. फळी न्हाई, काय न्हाई. लघवीला लागली. शेवटी..."

 त्या दिवशी मीही रागात स्टेजकडं वळून न बघता निघून आलो होतो. माझ्या चड्डीच्या भोकाला सगळं गाव हसलं होतं, त्याचं कुणी बघितलंही नाही.

पण त्या दिवशी मला सगळं गणित सुटलं. उचलणारा नुसता चढवत नाही. उतरवायचं की नाही हेही त्याच्याच हातात जातं. किती वेळ वर ठेवायचं, तोंड कुणीकडं करायचं, लोकांना काय दाखवायचं, हे सगळं त्याचं. आपल्या हातात राहते ती त्याची कंपासपेटी.

संयुक्त विजेत्याचं प्रमाणपत्र मी परत पाठवलं. सोबत लिहिलं, सामना अपुरा आहे, चौथा सेट, एकोणीस-सतरा, सर्व्हिस आमची. उत्तर आलं नाही. शेडमागच्या चारातल्या दोन धड फळ्या मी मुकादमाकडून मागून आणल्या. त्या माझ्या घरात आहेत. कुठं बोलावलं तर मी एकच विचारतो, स्टेजला फळी आहे का? असेल तर माझ्या हातानं चढून येतो. नसेल तर माझ्या घेऊन येतो. त्याही लावू दिल्या नाहीत तर खाली बसून बोलतो आणि वरचे लोक मान वाकवून ऐकतात. ऐकायचं नसेल तर उठून जातात. जाऊ द्या. शेषेराव आणि मी पुन्हा पोरं जमवलीत, संघटनेबाहेरची, नावाबिगर, बिल्ल्याबिगर. मुनीर येतो. त्यांना पहिल्या दिवशी बॉल देत नाही. पहिल्या दिवशी एवढंच शिकवतो, बगलेत कुणी हात घातला तर काय म्हणायचं.

मला आता कुणी उचलायचं नाही. नेत्यानं नाही, दोस्तानं नाही, पोटच्या पोरानंही नाही. मेल्यावर चौघांना उचलावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. तोवर हात लावायचा नाही.